हलगी : वेठ आणि हौस

विद्यापीठाच्या युवक महोत्सवासाठी मुलांची नावे लिहून घेण्याचे काम महाविद्यालयात दरवर्षी माझ्याकडे येते. एका वर्षी लिंबागणेशकडच्या एका विद्यार्थ्याने अर्जातल्या ‘छंद’ या रकान्यात ‘हलगीवादन’ असे लिहिले. दोन दिवसांनी त्याचे वडील मला भेटायला आले. मातंग वस्तीतले गृहस्थ. हंगामात कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारे, एरवी मिळेल ते काम करणारे. समोर खुर्ची होती, पण ते बसेनात. उभ्यानेच म्हणाले, “सर, त्याला दुसरं काहीतरी लिहायला लावा. ज्या हलगीपायी माझ्या बापानं उकिरड्याच्या कडंला बसून भाकर खाल्ली, ती यानं हौसंनं वाजवायची का?”

मुलगा खाली मान घालून उभा होता. पण त्याने अर्ज बदलला नाही.

मला त्या क्षणी दोघांपैकी कोणालाच चूक म्हणता आले नाही. बाप बोलत होता त्यामागे शेकडो वर्षांची वेठ होती. मुलगा बोलत नव्हता, पण त्याच्या गप्प राहण्यामागेही एक इतिहास होता. तो त्याला ठाऊक असो वा नसो. हे भांडण त्या एका घरातले नाही. दलित चळवळीच्या पोटात ते गेली नव्वद-शंभर वर्षे चालू आहे. ज्या वाद्याने आपल्याला गुलाम म्हणून ओळख दिली, ते वाद्य फोडायचे की आपले म्हणून वाजवायचे? या प्रश्नाचा इतिहास मांडायचा तर ‘हौस’ या साध्या शब्दापासूनच सुरुवात करावी लागेल. कारण आपल्या समाजात हौसेलाही जात आहे.

१

मांजरसुंब्याचा घाट चढून पाटोद्याच्या रस्त्याला लागले की लिंबागणेश लागते. भालचंद्र गणेशाच्या जुन्या देवस्थानावरून गावाचे नाव पडलेले. बालाघाटच्या या डोंगरपट्ट्यात जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्य निजामाचे असले तरी गावगाडा मात्र तोच होता, जो पुणे-सातारा-नगरकडे होता. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुत्याची जी व्यवस्था मांडली, ती येथेही ओळखीची वाटावी अशीच होती. गावाची सेवा करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन पेंढी मागायची. या सेवेत मांगाच्या वाट्याला दोर वळणे, केरसुण्या करणे आणि वाजवणे आले. काही गावांत महारही वाजवीत.

या वाजवण्याचे वेळापत्रक गाव ठरवी. पोळ्याला पाटलाच्या बैलापुढे हलगी. लग्नात वरातीपुढे हलगी आणि सनई. दसऱ्याला सीमोल्लंघनापुढे, होळीला होळीपुढे, जत्रेत पालखीपुढे. कोणी मेले तर मढ्यापुढे. वाजवणारा सदैव पुढे असे. पण हे पुढे असणे मानाचे नव्हते. मिरवणूक देवळात शिरली की तो बाहेर राही. पंगत बसली की तो लांब बसे. त्याचा आवाज गाभाऱ्यापर्यंत जाई. त्याने मात्र पायरीपाशी थांबायचे. हवा आवाज वाहून नेते, पण आवाजाबरोबर विटाळ नेत नाही, असा हा सोयीचा धर्म होता.

कातड्याचा विटाळ म्हणावा तर मृदंगालाही कातडेच असते, तबल्यालाही असते. कीर्तनात बुक्का लावून ज्या मृदंगाला नमस्कार होतो त्याची पुडी काही वेगळ्या जनावराच्या पुण्याईने बनत नाही. सनईचे तेच. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांना २००१ साली भारतरत्न मिळाले आणि ते योग्यच झाले. पण खेड्यात पिढ्यान्‌पिढ्या मंगलकार्याची सुरुवात ज्याच्या सनईने होत आली, तो वाजवणारा मात्र अमंगल ठरला. म्हणजे विटाळ वाद्याला नव्हता, कातड्यालाही नव्हता. तो माणसाला लावलेला होता आणि माणसावरून वाद्यावर उतरलेला होता.

या व्यवस्थेत वाजवणे हा ‘हक्क’ म्हणवला जाई आणि न वाजवणे हा गुन्हा होता. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्या ‘हो’ला कसली किंमत? आणखी दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत, कारण त्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. एक म्हणजे, वाजंत्र्याला तालीम नव्हती. सरावासाठी वेळ आणि जागा लागते. दिवसभर गावकी करणाऱ्याजवळ वेळ नव्हता आणि वस्तीत हलगी घुमली तर कामाशिवाय वाजवतोस म्हणून गाव डोळे वटारी. मुलगा बापाच्या मागे चालत, वरातीतच शिकायचा. चूक झाली तर शिवी तिथेच मिळायची. दुसरी गोष्ट अशी की, वाजंत्र्याला श्रोता होता येत नव्हते. गावात कीर्तन असो, तमाशा असो, तो एक तर कामावर असे, नाही तर दूर अंधारात उभा असे. बसून, मांडीवर ताल धरून, मनाला वाटेल तेव्हा ‘वाहवा’ म्हणत ऐकणे हे सुख त्याच्या वाट्याला आलेच नाही. जो गावाला रात्रभर ऐकवीत होता त्याला एक रात्र ऐकण्याची मुभा नव्हती.

हौस म्हणजे केवळ आवड नव्हे. हौस म्हणजे स्वतःच्या वेळेवरची मालकी. ती मालकी नव्हती म्हणून कला असूनही हौस नव्हती.

याच्या उलट उदाहरण पाहा. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे ब्राह्मण घरातले गृहस्थ लावणीच्या ओढीने तमाशात आले आणि पठ्ठे बापूराव झाले. त्यांच्या जातीने त्यांना दूर केले, त्यांनी सोसले, हे सारे खरे आहे. त्यांची प्रतिभाही वादातीत आहे. पण त्यांच्या तमाशात येण्याला इतिहासाने ‘त्याग’ म्हटले. ज्या पवळाबाईंमुळे तो फड गाजला, त्या संगमनेरजवळच्या हिवरगावच्या महार घरातल्या बाईच्या वाट्याला मात्र ‘त्याग’ हा शब्द कधी आला नाही. एकाची ती निवड ठरली, दुसरीचा तो जन्म ठरला.

२

अशा स्थितीत मुक्तीचे पहिले पाऊल वाद्य खाली ठेवण्याचेच असणार होते.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेले जनावर, शिळे तुकडे, गावकीची हलकी कामे यांवर जो प्रहार केला, त्याचा अर्थ गावोगावच्या वस्त्यांनी आपापल्या परीने लावला. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदे मंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. वतन म्हणजे मान नव्हे, ती पायातली बेडी आहे, हे त्यामागचे सूत्र होते. ते विधेयक मुंबई इलाख्यापुरते होते. निजामाच्या मुलखाला त्याचा उपयोग नव्हता. पण विचाराला सरहद्द नसते. डिसेंबर १९३८ मध्ये कन्नड तालुक्यातील मक्रणपूरला परिषद झाली. फेब्रुवारी १९४१ मध्ये आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदारांची परिषद झाली आणि तिला स्वतः बाबासाहेब आले. महार आणि मांग ही दोन्ही नावे एका परिषदेच्या नावात एकत्र यावीत, आणि तीही वतनाच्या प्रश्नावर, ही गोष्ट आज आपण विसरत चाललो आहोत.

२६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना अमलात आली. अनुच्छेद १७ सर्वांना पाठ असतो. अनुच्छेद २३ फारसा कोणी उच्चारत नाही. त्यात वेठीला बंदी आहे, आणि घटनेच्या इंग्रजी संहितेतसुद्धा त्यासाठी ‘बेगार’ हा आपला देशी शब्दच वापरावा लागला. परक्या भाषेत त्या दुःखाला पुरेसा शब्द नव्हता, असेच म्हणायचे. म्हणजे पाटलाच्या दारात सक्तीने वाजवलेली हलगी त्या दिवसापासून घटनाबाह्य ठरली. गावाला मात्र ते कळायला फार वर्षे लागली. काही गावांना तर अजून कळायचे आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर धम्मदीक्षा घेतलेल्या घरांनी देव टाकले, तशी वाद्येही टाकली. आमच्या आजोबांची सनई माळ्यावर गेली ती कधी खाली आली नाही. मी लहानपणी ती पाहिली तेव्हा तिची पत्ती मोडून गेली होती. सनईबरोबर दुसरा साथीदार धरतो तो सूर कसा अखंड ठेवायचा, गालात हवा साठवून नाकाने श्वास कसा घ्यायचा, हे आजोबांना येत होते. वडिलांनी ते शिकून घेतले नाही आणि मला तर विचारायचेही सुचले नाही. मी घरातला पहिला पदवीधर. माझ्या हातात पुस्तक यावे म्हणून आजोबांनी सनई ठेवली, याबद्दल माझ्या मनात कृतज्ञतेखेरीज दुसरी भावना नाही. पण त्या ठेवण्यात काहीतरी गेले, हेही मान्य करण्याइतके आपण आता मोठे झालो आहोत.

वाद्य नाकारणाऱ्यांवर बहिष्कार पडले. दुकान बंद, मजुरी बंद, विहीर बंद. ज्यांच्याजवळ जमिनीचा तुकडा नव्हता, शहरात कोणी नव्हते, त्यांना हे परवडले नाही. मातंग समाजातल्या अनेक घरांनी वाजवणे चालू ठेवले. आणि आपल्यातल्या काहींनी त्यांच्याकडे बोट दाखवून ‘हे अजून सुधारले नाहीत’ असे म्हटले. हा आपला करंटेपणा होता. नकार देण्यासाठी पाठीशी थोडा आधार लागतो. तो ज्याला मिळाला त्याने, ज्याला मिळाला नाही त्याला हिणवू नये. गावाने आपल्याला उतरंडीत बसवले होते. त्या उतरंडीतली आपली पायरी आपण टिकवून धरावी, हे बाबासाहेबांच्या विचारात कोठे बसते?

३

वाद्य खाली ठेवणे ही अर्धीच गोष्ट होती. उरलेली अर्धी त्याच काळात दुसरीकडे घडत होती.

काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. त्याच दशकात नाशिककडे भीमराव कर्डक आणि त्यांचे सोबती आंबेडकरी जलसे घेऊन गावोगाव फिरू लागले. सत्यशोधकांच्या जलशाची परंपरा त्यांच्यापाशी होती. तमाशाचा साचा हाताशी होता. ढोलकी, तुणतुणे, झांज, पेटी ही वाद्ये तीच. पण साच्यातला ऐवज बदलला. गण आला तो नव्या अर्थाने आला, गवळणीतली छेडछाड गेली, वगात सावकार, भटजी आणि पाटील उलटतपासणीला उभे राहिले. कर्डकांनी पुढे ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक १९७८ साली लिहिले, म्हणून या इतिहासाची एक बाजू तरी आपल्या हाती राहिली.

या जलशांकडे आपण प्रचाराचे साधन म्हणून पाहतो. ते बरोबर आहे, पण पुरेसे नाही. जलशातली माणसे कोण होती? गिरणीतले, रेल्वेतले, गोदीतले, रस्त्यावरचे कामगार. दिवसाची पाळी संपली की चाळीतल्या एखाद्या खोलीत तालमी चालत. कोणी बोलावले म्हणून नव्हे. बलुते मिळणार म्हणून नव्हे. पाटलाचा निरोप नाही, शिवीची भीती नाही. एक ओळ दहादा घोटायची, ताल चुकला तर हसायचे, पुन्हा धरायचे. ज्यांच्या बापजाद्यांना वरातीतच शिकावे लागले त्यांना आता दार लावून चुकण्याचा अधिकार मिळाला. तालीम म्हणजे चुकण्याचा अधिकार. माझ्या मते दलित कलेच्या इतिहासातली ही फार मोठी घटना आहे, आणि तिची तारीख कोणी नोंदवलेली नाही.

मुंबईत १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. मातंग समाजात, वाटेगावात जन्मलेल्या अण्णाभाऊंनी डफ हातात घेतला तो गावाच्या हुकमाने नाही. कामगारांच्या सभेपुढे, स्वतःच्या शब्दांसाठी घेतला. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी तर आयुष्यच गाण्याला दिले. विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, रंगमंचावरच गेले.

मराठवाड्याने या परंपरेला आपला रंग दिला. हैदराबादी राजवटीत उर्दू कानावर रुळलेली होती, त्यामुळे भीमगीतांची कव्वाली येथे लवकर मुरली. ‘गायनपार्टी’ हा शब्द आमच्याकडच्या प्रत्येक वस्तीला ठाऊक आहे. दोन पार्ट्यांचा मुकाबला ठरला की पाच-सहा कोसांवरून माणसे बैलगाड्यांनी, सायकलींनी, पायी येत. गॅसबत्त्या लागत. पटांगणात सतरंजी अंथरली जाई आणि कालपर्यंत जो अंधारात उभा राहून ऐकत होता तो आता पुढे, मधोमध, मांडी घालून बसे. सवाल कोणता, जबाब कोणी दिला, कोणाची पेटी सुरात नव्हती यावर पहाटेपर्यंत वाद चाले. बायका पोरांना मांडीवर निजवून शेवटपर्यंत बसत. अक्षर न शिकलेल्या आयांनी चवदार तळे, पुणे करार आणि घटना या गोष्टी प्रथम ऐकल्या त्या अशा रात्रींतून. या रात्री म्हणजे आमचे रात्रीचे महाविद्यालय होते. औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय १९५० साली निघाले; पण तिथवर जायला हवे ही इच्छा कित्येकांच्या मनात त्या सतरंजीवर जागली असणार.

पुढे १९८० च्या दशकात कॅसेट आली आणि गाणे घरोघर पोहोचले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतरचे ध्वनिक्षेपक बंद केले. राज्य सरकारला वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, एवढेच. पहाटेपर्यंतचे मुकाबले त्याबरोबर आटले. नियम चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. पण एखाद्या समाजाला ऐकण्याचा हक्क मिळून दोन पिढ्या होतात न होतात तोच त्या रात्री संपल्या, याची नोंद इतिहासाने करायला हवी.

४

वंशपरंपरेची सेवा आणि हौस यांचा हा प्रश्न फक्त आपल्याकडचा आहे काय? याचे एक उदाहरण स्कॉटलंडच्या बॅगपाइपचे आहे. प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची सांगता करणाऱ्या दिल्लीच्या २९ जानेवारीच्या कार्यक्रमात आपण हे वाद्य पाहतो : काखेत पिशवी, तोंडात फुंकणी, बोटांखाली सूर काढणारी नळी आणि खांद्यावर अखंड एकच सूर धरणाऱ्या तीन नळ्या. सनईवाला जी हवा गालात साठवतो ती येथे पिशवीत साठते. सनईचा साथीदार जो सूर धरतो तो येथे खांद्यावरच्या नळ्या धरतात. तत्त्व एकच.

या वाद्याचा इतिहास आपल्याला ओळखीचा वाटेल. स्काय बेटावर मॅक्‌लाउड घराण्याच्या सरदारांकडे मॅक्‌क्रिमन नावाचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या पाइप वाजवीत होते. सेवेबद्दल त्यांना बोररेग येथे जमीन लावून दिलेली होती. आपल्या भाषेत हे वतनच. १७४६ साली कलोडनची लढाई हरल्यावर सरदारांची जुनी सत्ता मोडली, आणि तिच्याबरोबर ही वतनी सेवाही ओसरली. वाद्य मात्र मेले नाही. ते ब्रिटिश फौजेत गेले. मग खाणकामगार, पोलीस, कारखान्यांतले लोक यांनी आपापले पाइप बँड काढले. १९४४ साली ग्लासगोत पाइप शिकवणारी संस्था निघाली. तेथे दर ऑगस्टमध्ये जागतिक स्पर्धा भरते आणि तीत उतरणारे बहुतेक वादक पोटासाठी दुसरेच काम करतात. आठवड्यातल्या ठरलेल्या संध्याकाळी तालीम करतात. घरी सरावासाठी पिशवी नसलेली छोटी नळी वापरतात, म्हणजे शेजाऱ्यांना त्रास नको. वतन गेले, हौस आली, आणि मान वाढला.

आमचे तसे का झाले नाही? उत्तर साधे आहे. मॅक्‌क्रिमन सरदाराचा सेवक होता, पण त्याची सावली कोणाला चालत नव्हती असे नव्हते. त्याला वाद्याबरोबर विटाळ मिळाला नव्हता. म्हणून सेवा संपली तेव्हा त्याच्याजवळ कला उरली. आमची सेवा संपली तेव्हाही डाग राहिला.

हेच वाद्य फौजेबरोबर आपल्या देशात आले. भारतीय पायदळाच्या अनेक रेजिमेंटांत आज पाइप बँड आहेत. फौजेशी आपले नाते जुने : १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली, आणि पुन्हा मान मिळवून १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. फौजेत वाद्य वाजवणारा गणवेशात असतो, त्याला हुद्दा असतो, त्याच्या पुढ्यात कोणी पेंढी टाकत नाही. पण तेच वाद्य गढवालच्या डोंगरात शिरले तेव्हा काय झाले? तेथे ते ‘मशकबीन’ झाले आणि लग्नाच्या वरातीत ढोल-दमाऊबरोबर ते वाजवण्याचे काम गावाने तिथल्या दलित वाजंत्र्यांकडे सोपवले. स्कॉटलंडमध्ये ज्याने अभिमानाने खांद्यावर घ्यावे, ते वाद्य हिंदुस्थानच्या खेड्यात येताच त्याला जात चिकटली. जातीची सत्ता केवढी असते हे समजायला याहून वेगळा पुरावा नको.

तामिळनाडूत ‘परै’ नावाचे हलगीसारखे वाद्य आहे. त्या वाद्यावरून जातीला नाव पडले आणि त्या नावावरून इंग्रजीत ‘बहिष्कृत’ या अर्थाचा शब्द गेला. तेथेही आमच्यासारखाच वाद झाला. अनेकांनी परै वाजवायला नकार दिला, त्यासाठी मार खाल्ला. आणि १९९० च्या दशकापासून तिथल्या दलित कलामहोत्सवांत तेच परै निषेधाचे वाद्य म्हणून उभे राहिले. स्त्रियांनीही ते हातात घेतले. फोडणारे आणि वाजवणारे या दोघांचाही लढा एकच होता, हे त्यांना उमगले.

५

आता आजचे पाहू. गेल्या काही दशकांत पुण्या-मुंबईत ढोल-ताशा पथकांचे मोठे पेव फुटले. गणेशोत्सवाच्या दोन महिने आधी नदीपात्रात, मोकळ्या मैदानांत सराव सुरू होतात. नोकरदार, विद्यार्थी, डॉक्टर, अभियंते कमरेला ढोल बांधतात. मुलीही असतात, ही चांगली गोष्ट आहे. त्यांना कोणी वाजंत्री म्हणत नाही. त्यांना ‘वादक’ म्हणतात. त्यांचे फोटो छापून येतात, त्यांना ‘संस्कृतीचे वारसदार’ म्हटले जाते. या तरुणांविषयी माझी काही तक्रार नाही. कष्ट तेही करतात. तक्रार शब्दांविषयी आहे. तीच थाप, तेच चामडे, तोच रस्ता. पण एकाची हौस आणि दुसऱ्याची जात. मिरवणुकीत ढोल बडवून घरी गेलेला तरुण दुसऱ्या दिवशी कचेरीत ‘साहेब’ असतो. पोळ्याला हलगी वाजवून घरी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशीही ‘वाजंत्री’च असतो. हौस म्हणजे वाद्य उतरवून ठेवता येणे.

आमच्या डोंगरपट्ट्यात तर हौसेच्या आड ऊसही येतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली घरे कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. उरलेल्या दिवसांत लग्नसराई, जत्रा आणि चौदा एप्रिल येतात. ज्या पोरांना हलगी, घुमके, कैताळ यांचा मेळ बसवायचा असतो त्यांना सरावाला दोन-तीन आठवडे मिळतात. वर लग्नात आता डीजे लागतो, त्यामुळे पोटासाठी वाजवणाऱ्यांचेही काम गेले. म्हणजे गंमत पाहा : वेठ होती तेव्हा सुटका नव्हती, मोबदला घेऊन मानाने वाजवायची वेळ आली तेव्हा यंत्र आले, आणि हौसेने वाजवावे म्हटले तर हंगाम आडवा येतो.

विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत लोकवाद्यांची स्पर्धा असते. सर्व जातींची मुले त्यात हलगी वाजवतात. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी २७ जुलै १९७८ च्या ठरावानंतर मराठवाड्यात आमची घरे जळाली, त्याचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला, आणि आज त्याच विद्यापीठाच्या नावाखाली हलगीला टाळ्या पडतात. हा बदल लहान नाही. पण एका ठिकाणी मी असेही पाहिले आहे की मुलांना हलगी शिकवायला वस्तीतला एक म्हातारा वादक महिनाभर बोलावला गेला, आणि बक्षीस समारंभाच्या दिवशी तो फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर बसून होता. व्यासपीठावर त्याचे नाव कोणी घेतले नाही. हातात चषक असलेल्या मुलांनाही ते आठवले नाही. हलगी आत गेली होती. वाजवणारा पुन्हा पायरीपाशीच राहिला होता.

६

म्हणून प्रश्न हलगी फोडायची की वाजवायची हा नाही. तो चुकीचा मांडलेला प्रश्न आहे. ज्याने ती खाली ठेवली त्याने ‘नाही’ म्हणण्याचा हक्क मिळवला. ज्याने ती उचलली त्याने त्या हक्काच्या जोरावरच ‘हो’ म्हटले. पहिला नकार नसता तर दुसऱ्या होकाराला अर्थच उरला नसता. जलशातल्या कामगाराची तालीम, मुकाबल्याच्या रात्री पुढे बसलेला श्रोता आणि अर्जात ‘हलगीवादन’ लिहिणारा विद्यार्थी ही एकाच इतिहासाची मुले आहेत. आणि त्या इतिहासाचा बाप तो, ज्याने एके दिवशी पाटलाला सांगितले की उद्यापासून मी येणार नाही.

आपल्या कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी यातून काही कामे अंगावर घ्यावीत. वस्त्यांतले जुने वादक हयात आहेत तोवर त्यांच्या चाली, त्यांचे बोल, त्यांनी सोसलेले प्रसंग लिहून घ्यावेत. महाविद्यालयात जो शिकवायला येतो त्याला मानधन आणि व्यासपीठावर खुर्ची मिळालीच पाहिजे, यासाठी भांडावे. समाजमंदिरात सरावाला जागा द्यावी. आणि पोळ्याला, जत्रेला सक्तीने वाजवायला लावणारे गाव असेल तर त्याच्याविरुद्ध त्याच वादकांनी, त्याच हलग्या घेऊन तहसीलवर मोर्चा न्यावा.

त्या विद्यार्थ्याच्या वडिलांना मी यातले काहीही सांगितले नाही. इतकेच म्हटले, “शनिवारी संध्याकाळी तालीम आहे. तुम्ही या, आणि मग सांगा काय लिहायचं ते.” ते आले. दारात उभे राहिले. मुलांनी कागद पेटवून हलग्या शेकल्या, सुरुवात केली. दुसऱ्या आवर्तनाला त्यांच्या कपाळावर आठी पडली. “ते उलटं पडतंय,” ते म्हणाले; पण मला नाही, त्याला. मुलाने पुन्हा धरले. पुन्हा उलटे पडले. तेव्हा ते आत आले, भिंतीकडेची खुर्ची त्यांनी स्वतः ओढून घेतली, बसले, आणि शेवटपर्यंत ऐकत राहिले. हलगीला त्यांनी हात लावला नाही. तो त्यांचा अधिकार होता.

अर्ज होता तसाच मी पुढे पाठवला.